तिसऱ्या विहिरीची खेप

फरीजाच्या घरात पुरुष उरला नव्हता, पण उंटीण उरली होती, आणि सगळा तंटा तिथूनच सुरू झाला.

नवरा अतवा गेल्या हिवाळ्यात तापाने गेला. मागे राहिल्या दोन मुली, अकरा शेळ्या आणि झरगा नावाची राखाडी उंटीण. तिला अतवाने पिल्लू असल्यापासून हाताने वाढवलं होतं. सिनाईच्या त्या डोंगरांत शहरातली माणसं हौसेने पायी चालायला येतात, आठ-आठ, दहा-दहा दिवस. वाटाड्या त्यांना खिंडी चढवतो आणि उतरवतो. पण आठ दिवसांचं खाणं पाठीवर घेऊन कुणी खिंड चढत नाही, आणि लादलेला उंट तर मुळीच चढत नाही. म्हणून सामानाचा उंट खालून, कोरड्या नद्यांच्या पात्रांतून वळसा घालून जातो आणि ठरल्या विहिरीवर चालणाऱ्यांना गाठतो. पीठ, डाळ, कांदे, चहा, साखर, पाणी. दर दोन-तीन दिवसांनी एक खेप. हे काम टोळीतल्या घरांना बारीबारीने मिळतं. अतवाच्या घराची बारी त्याच्या आजोबांपासून चालत आलेली होती. वर्षातून चार-पाच वेळा यायची आणि तेवढ्यावर घर तगून होतं.

बारी मेलेल्या माणसाच्या नावावर राहत नाही. मुलगा असला तर त्याच्याकडे जाते. फरीजाला मुलगा नव्हता. तिचा थोरला दीर सुवेलिम, त्याला तीन मुलगे होते, पिकअप गाडी होती आणि तोंडही काही लहान नव्हतं.

शेख बरकातच्या तंबूत बैठक बसली तेव्हा सुवेलिमच आधी बोलला. "बाईने शेळ्या राखाव्यात, तंबू विणावा, कोण नाही म्हणतंय? पण उंट घेऊन एकटी डोंगरात? उद्या शेजारच्या टोळ्या म्हणतील, यांच्या पुरुषांनी बांगड्या भरल्या. बारी मला द्या. अतवाच्या पोरी काही माझ्या परक्या नाहीत, त्यांचं मी बघेन. आणि उंटीण विकून टाकू, नुसती वैरण खाते."

पडद्याच्या पलीकडे बायकांच्या बाजूला फरीजा बसली होती. उंटीण विकायची गोष्ट निघाली आणि तिला राहवेना.

"शेख, एक विचारू? गाडी सपाटीवर थांबते. तिथून विहिरीपर्यंत तासभर चढ आहे. तो चढ अबू औदा चढणार, की गाडीच त्यांना पाठीवर घेऊन चढणार?"

अबू औदा म्हणजे औदाचा बाप, सुवेलिमच, आणि त्याचं पोट सगळ्यांच्या परिचयाचं होतं. बैठक खो खो हसली. शेख बरकात मात्र हसला नाही. त्याने कॉफीचा पेला खाली ठेवला, रीतीप्रमाणे फरीजाला थोरल्या मुलीच्या नावाने हाक मारली आणि निवाडा दिला, "उम्म नवीरा, एक बारी तुला. तीन विहिरी, तीन खेपा. तिन्ही ठिकाणी पाहुणे तुझ्या हातचं जेवले, तर बारी तुझ्या घरात कायमची, तुझ्यामागे तुझ्या मुलींची. एका जरी ठिकाणी त्यांना दुसऱ्याच्या हातचं खावं लागलं, तर बारी सुवेलिमची आणि उंटिणीचं काय करायचं ते तो ठरवील."

"मान्य," फरीजा म्हणाली.

"मग मीही सांगतो," सुवेलिम म्हणाला. "तिसऱ्या विहिरीवर, बीर तमीरला, मी सामान घेऊन बसेन. ही पोचली तर चांगलंच. नाही पोचली, तर पाहुणे उपाशी झोपायला नकोत. त्यात नाक कापलं जाईल ते सगळ्या टोळीचं."

यात खोट काढायला जागा नव्हती. पाहुणा उपाशी राहणं ही खरोखरच सगळ्यांची लाज. शेखने मान हलवली आणि वाटाड्या रुबैयला बजावलं, "तू दोघांकडून नाहीस. जे बघशील ते येऊन सांगायचं."

पहिल्या दोन विहिरींवर फरीजा चालणाऱ्यांच्या आधी जाऊन बसली होती. दुसऱ्या विहिरीवर तर ती मंडळी खिंड उतरली तेव्हा डाळ शिजून कांदा चुरचुरत होता. पाहुणे पाच होते, सगळे कैरोचे. त्यांतल्या मादाम इनास, बासष्ट वर्षांच्या, शाळा तपासणीस म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी तीनदा डाळ मागून घेतली. रुबैय काही बोलला नाही, पण बोटं चाटत होता, तेव्हा फरीजाने ती साक्ष धरली.

आता तिसरी खेप. संध्याकाळचं जेवण, वर पुढच्या दोन दिवसांचा शिधा. झरगाच्या एका अंगाला पीठ, डाळ, कांदे, दुसऱ्या अंगाला पाण्याचे दहा-दहा लिटरचे सहा कॅन. बीर तमीरला पाणी बारमाही असतं, पण अतवाची शिस्तच होती की उंट कधी रिकाम्या कॅननी चालवायचा नाही.

दुपार कलायच्या सुमाराला घळ लागली. दोन्हीकडे ताशीव कडे, मध्ये एका लादलेल्या उंटापुरती वाट. ही घळ ओलांडली की पलीकडे तासाभरावर विहीर. झरगा पहिल्या वळणावरच थांबली आणि मान उंचावून फुरफुरली.

"काय गं बये, भूत बघितलंस?" म्हणत फरीजा पुढे झाली, आणि तिचाच पाय जागच्या जागी थिजला.

घळीत धोंडा बसला होता. दोन पुरुष उंचीचा, बाटलीत बूच ठोकावं तसा चपखल. खालून वरून कुठून फट नाही. दहा दिवसांपूर्वी रात्री लांबच्या डोंगरांवर विजा चमकताना तिने बघितल्या होत्या. वस्तीवर तर अंगण ओलं होण्याइतकाही पाऊस पडला नव्हता, त्यामुळे कुणी लक्षच दिलं नाही. तो सगळा लोंढा या बाजूला उतरला होता.

फरीजा धोंड्याजवळ गेली, त्याला दोन्ही हात लावून उभी राहिली, आणि अतवाच्या नावाने बोटं मोडली. "मेलास तो मेलास, पण या धोंड्याची वर्दी द्यायला स्वप्नात यायला काय झालं होतं तुला?" मग तिचे डोळे भरून आले. ते तिने ओढणीने पुसले आणि सावलीची लांबी बघितली.

उंटासाठी दुसरा वळसा दीड दिवसाचा. तो प्रश्नच मिटला. माणसासाठी मात्र वाट होती. डाव्या कड्यावरून शेळ्यांची एक वाट वर जाते, डोंगराच्या धारेवरून फिरते आणि विहिरीच्या मागच्या अंगाला उतरते. दहा वर्षांची असताना आत्याबरोबर ती याच वाटेने शेळ्या न्यायची. टोळीतल्या एकाही पुरुषाला ती वाट माहीत नव्हती, कारण शेळ्या राखायला पुरुष कधी गेलेच नव्हते. अंतर अडीच तासांचं, ओझं असलं तर तीन. सूर्य मावळायला चार तास होते. म्हणजे आज एकच फेरी. अंधारात त्या वाटेवर पाय टाकणं म्हणजे मुलींना पोरकं करणं.

एका फेरीत, एका पाठीवर काय न्यायचं?

कुणालाही विचारलं असतं तर तो म्हणाला असता, पीठ आणि डाळ ने. जिथे जायचं तिथे विहीर आहे. विहिरीवर पाणी कोण वाहून नेतं? फरीजानेही पिठाच्या पोत्यालाच आधी हात घातला. पोतं सोडताना तिची नजर वर गेली. कड्याच्या एका चिरेत वाळलेलं गवत, काटक्या आणि एक निळी प्लॅस्टिकची चप्पल अडकलेली होती. तिने आकडीची काठी वर धरली. टोक चपलेला पोचलं नाही.

पोत्यावरचा हात तिने काढला.

इथून पाणी गेलं ते काठीसकट माणूस बुडेल एवढं. आणि बीर तमीरचा कट्टा? गुडघ्याएवढा. लोंढा येतो तो एकटा येत नाही, वाळू घेऊन येतो. आत्या सांगायची, तिच्या लहानपणी एकदा बीर तमीर असाच पुरला होता आणि चार बायकांनी तीन दिवस उपसला तेव्हा कुठे तळाला ओल लागली होती. पण एकदाच. विहिरीपाशी पात्र रुंद होतं, लोंढा तिथे पसरतो, कदाचित बाजूने निघूनही गेला असेल.

कदाचित. त्या एका शब्दावर ती बराच वेळ अडून राहिली. पाणी नेलं आणि विहीर भरलेली निघाली, तर? सुवेलिमचा तुपातला भात आणि समोर तिचा कोरडा रोट, कोण तिच्याकडे बघणार? बारी तर जाईलच, वर 'विहिरीला पाणी पाजायला गेलेली फरीजा' म्हणून तिच्या नातींच्या लग्नातही बायका गाणी म्हणतील. निम्मं पीठ, निम्मं पाणी न्यावं असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण दहा लिटरमध्ये दिवसभर उन्हात चाललेली सहा माणसं ओठ ओले करतील, मळायला काय उरेल? ते अर्धवट शहाणपण झालं असतं.

"पाणी," ती मोठ्याने म्हणाली. झरगाने कान हलवले.

एकदा ठरल्यावर मग तिने वेळ घालवला नाही. झरगाला सावलीत बसवून गुडघा बांधला, पुढ्यात जव टाकले. पिठाचं पोतं, डाळ, कांदे बाभळीच्या फांदीला टांगले, बाकीचे कॅन बुंध्याशी लावले. झाडाला टांगलेल्या सामानाला या डोंगरात कुणी हात लावत नाही, मालक वर्षाने परतला तरी, त्यामुळे ती काळजी नव्हती. ओढणीत तीन किलोभर पीठ बांधलं, त्यातच मिठाची पुडी, चहा आणि साखर. दोन कॅन दोराने जोडून एक पाठीवर, एक पोटाशी घेतला. उठताना गुडघे कटकन वाजले.

"इथेच बस," तिने झरगाला सांगितलं. "विकायला नाही देत तुला. बघच."

पहिला चढ तिने तोंड मिटून काढला. दुसऱ्या चढाला कॅनचा दोर खांद्यात रुतायला लागला, तेव्हा तिने दोराखाली पीठ बांधलेल्या ओढणीचं टोक घातलं. वाट लहानपणी वाटायची तेवढी रुंद नव्हती. की तीच तेव्हा अरुंद होती, देव जाणे. एके ठिकाणी तर कड्याला छाती लावून सरकायचं होतं आणि पोटावर कॅन. तिथे तिने दोन्ही कॅन खाली उतरवले, एकेक करून पायाने पुढे सारले आणि मग मागून स्वतः सरकली. त्यात पाव तास गेला.

धारेवर पोचता पोचता पाठीवर ओघळ आला. घाम असेल म्हणून ती चालत राहिली. पण घाम एवढा थंड नसतो. कॅन उतरवून बघते तर झाकणाच्या कडेने पाणी झिरपत होतं, सरकवताना दगडाला लागून झाकण पिचलं होतं. किती गेलं ते तिने बघितलं नाही. बघून काही परत येणार नव्हतं. ओढणीची किनार दातांनी फाडली, चिंधी झाकणाखाली कोंबली, झाकण होतं नव्हतं तेवढं बळ लावून पिळलं. मग तो कॅन उभाच राहील असा पोटाशी घेतला आणि बरा होता तो मागे टाकला. तहान तिलाही लागली होती. अंगावर दोन कॅन पाणी असून तिने एक घोट घेतला, तोही चूळ भरण्यापुरता.

उतरणीवर तिला धूर दिसला.

विहिरीपाशी विस्तव पेटला होता, म्हणजे सुवेलिम आला होता, चूल मांडून बसला होता, म्हणजे चालणारेही खिंड उतरून आले होते. सूर्य अजून दोन बोटं वर होता. पण भूक सूर्याकडे बघून लागत नाही. ती जेवढं भरभर उतरता येईल तेवढं उतरली आणि शेवटच्या टेकाडावरून खाली डोकावली.

पाच डोकी धोंड्यांना टेकून पडली होती. कुणी जेवत नव्हतं. विस्तवावर भांडं नव्हतं. आणि विहिरीच्या जागी, जिथे दगडी कट्टा असायला हवा तिथे, सपाट वाळूत सुवेलिम गुडघे टेकून बसला होता आणि जेवणाच्या ताटाने वाळू उपसत होता. शेजारी रुबैय हातांनी उपसत होता. खड्डा कमरेएवढा झाला होता आणि ठणठणीत कोरडा होता. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

फरीजा हसली. दिवसभरात पहिल्यांदा, आणि मोठ्याने.

रुबैयने वर बघितलं. "पाणी!" तो ओरडला. "मादाम, उठा! पाणी आलं!"

सुवेलिम उठला. दाढीत वाळू, बाह्यांत वाळू. "झरगा कुठंय?"

"घळीपलीकडे. घळीत धोंडा बसलाय."

"मग तू आलीस कशी?"

"शेळ्यांबरोबर यायची तशी," ती म्हणाली आणि कॅन उतरवून जमिनीवर बसकण मारली.

फरीजाने टिनचा पेला भरून एकेकाच्या हाती दिला. पाहुण्यांच्या बाटल्या दुपारीच संपल्या होत्या, सुवेलिमच्या गाडीतल्या चार बाटल्या त्याने त्यांनाच देऊन टाकल्या होत्या, तेवढा माणूस तो होता. "घोट घोट घ्या, मादाम," फरीजा म्हणाली, "एकदम घशाखाली टाकलंत तर पोटात कळ येईल."

मादाम इनासने पेला रिकामा केला आणि तिचा हात धरला. "बाई गं, तुझे पाय धुवून पाणी प्यायला पाहिजे."

"पाय धुण्याइतकं पाणी नाही हो आणलं."

त्यावर सगळे हसले, तेव्हा त्यांचे घसे ओले झाल्याची फरीजाला खात्री पटली. सुवेलिम मात्र बाजूला उभा होता, हात झटकत. त्याने पाणी मागितलं नाही. तिने पेला भरला आणि त्याच्यासमोर धरला.

"घ्या, अबू औदा."

"आधी तू घे. तू कुठे प्यायलीस?"

"घरची मालकीण शेवटी पिते. घ्या."

त्याने घेतला. एका दमात प्यायला, ओठ पुसले आणि लगेच कामाचं बोलायला लागला. तोही भुकेला होता आणि बारी त्यालाही हवी होती.

"तांदूळ निवडून ठेवलाय, तूप आहे, वालाचे दाणे आहेत. चार-पाच लिटर ओत भांड्यात, अर्ध्या तासात ताटं वाढतो. लोकांचे चेहरे बघ कसे झालेत."

पाहुणे इकडून तिकडे बघायला लागले. त्यांना शेख, बारी, निवाडा यातलं काही ठाऊक नव्हतं, पण दोन माणसांमध्ये दोर ताणला गेलाय हे आंधळ्यालाही कळलं असतं. रुबैयने विस्तवात काटकी खुपसली.

"प्यायला मागा," फरीजा म्हणाली, "शेवटचा घोट देईन. भांड्यासाठी नाही देणार."

"अगं, पाहुणे उपाशी आहेत!"

"रुबैय, किती उरलंय?"

रुबैयने कॅन उचलून अंदाज घेतला. "दहा असेल. एक कॅन झिरपलाय."

"रात्री सात माणसं पिणार, वर मी. सकाळचा चहा. सकाळी मी सामान आणेपर्यंतचं पिणं. त्यातलं पाच भाताला घातलं तर रात्री मादामना काय वाळू पाजू?"

"आणि तुझ्या रोटाला लागत नाही पाणी?"

"दीड लिटर."

"तीन किलो पिठात आठ माणसं! वा, उम्म नवीरा, मेजवानीच आहे!"

"पोट भरेल तुमचं. तुम्ही म्हणालात म्हणून मी मोठा थापेन."

हिशोब तिचा बरोबर होता. पण खरं सांगायचं तर कॅन काठोकाठ भरलेले असते तरी तिने त्या भाताला पाणी दिलं नसतं, आणि हे सुवेलिमलाही कळत होतं, रुबैयलाही. हिशोबाने तिच्या हट्टाला पांघरूण घातलं एवढंच. सुवेलिम आपल्या पातेल्याशी जाऊन बसला. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

फरीजाने त्याच्या विस्तवाला हात लावला नाही. दहा पावलांवर तिने स्वतःच्या काटक्या गोळा केल्या, स्वतःचा जाळ केला. पीठ सुवेलिमच्या ताटातही मळलं नाही. ओढणी दगडावर पसरून तिच्यावर मळलं, खूप वेळ, तळव्याने दाबून दाबून. निखारे बाजूला सारून तापल्या वाळूत जाड रोट ठेवला, वरून निखारे ओढले. सूर्य गेला तेव्हा रोट उलटून झाला होता. कुणीतरी भाजक्या पिठाचा वास आला म्हणालं, आणि पडलेली माणसं न बोलावता विस्तवाभोवती येऊन बसली.

तिने रोट काठीने बडवला, राख झटकली, तोडून वाटायला घेतला.

"निदान तूप तरी लाव," सुवेलिमने डबा पुढे केला.

"राहू दे. तुमच्या भाताला लागेल."

मादाम इनास राखेचा कण दाताखाली आला तरी खात होत्या. त्यांच्या शेजारचा चष्मेवाला तरुण म्हणाला की असलं काही त्याने आयुष्यात खाल्लं नाही. फरीजाला ते खोटं वाटलं, पण गोड वाटलं. रुबैयने एक मोठा तुकडा बाजूला काढून ठेवला होता. तो उचलून तो सुवेलिमपाशी गेला.

"अबू औदा, तुमचा वाटा."

सुवेलिमने तुकडा उलटून पालटून बघितला. मग खाल्ला. सगळा खाल्ला, बोटांना लागलेली राखसुद्धा.

"मीठ जरा जास्त झालंय," तो म्हणाला.

"बरं झालं," फरीजा म्हणाली. "खाल्लेलं ध्यानात राहील."

पहाटे ती सगळ्यांच्या आधी उठली. जेवण झालं होतं, पण खेप अजून अर्धीच होती. दुपारच्या आत पाहुण्यांना पुढच्या दोन दिवसांचा शिधा आणि चाळीस लिटर पाणी हवं होतं. सगळं झरगापाशी, डोंगराच्या पलीकडे. एकटीने जायचं तर जाणं-येणं पाच तास, आणि एका फेरीत एवढं सगळं येणारच नव्हतं. तिने रात्रभर पडल्या पडल्या तेच मोजलं होतं आणि उत्तर प्रत्येक वेळी तेवढंच आलं होतं. तरी तिने रिकामे कॅन दोराला बांधले.

"मी येतो," मागून सुवेलिम म्हणाला.

"नको."

"दोन पाठी लागतील, उम्म नवीरा. एका पाठीचं काम नाही हे."

"तुमचा हात लागला की उद्या शेखसमोर ती खेप तुमची होते. मला ठाऊक आहे. मी दोन फेऱ्या मारेन."

"दोन फेऱ्यांत दिवस मावळेल! पाहुणे दुपारी काय खातील?"

"तुमच्या तांदळाशिवाय काहीही."

रुबैय चहाचं आधण ठेवत होता. बैठकीपासून त्याने या भांडणात एक शब्द टाकला नव्हता. आता त्याने किटलीवरून नजर न उचलता म्हटलं, "शेख म्हणाले, दुसऱ्याच्या हातचं. मजूर दुसऱ्यात धरत नाहीत. तुमच्या बारीला, अबू औदा, तुम्ही मजूर लावता, तेव्हा कोण म्हणतं की खेप मजुराची झाली? बारी ज्याची, मजुराचा हात त्याचाच."

चहा उकळायला लागला. पाहुणे उठून बसले होते आणि उगाचच अंथरुणं गुंडाळत होते.

सुवेलिमला तीन मुलगे होते, गाडी होती, बैठकीत त्याची जागा शेखच्या उजव्या हाताला होती. धाकट्या भावाच्या विधवेचा मजूर म्हणून ओझं वाहिलं हे रुबैय परतला की त्याच्या तोंडून सगळ्या टोळीला कळणार होतं. त्याने गाडीच्या दिशेने बघितलं. गाडी तासभर खाली होती, तिथून वस्ती, वस्तीवर पाणी, परत यायला रात्र. मग त्याने पाहुण्यांकडे बघितलं. पाहुणे उपाशी राहिले तर नाक टोळीचं, असं भर बैठकीत तोच म्हणाला होता, आणि तो काही उगाच म्हणाला नव्हता. त्याला तसंच वाटायचं.

त्याने वाकून दोराचं दुसरं टोक उचललं आणि खांद्यावर टाकलं.

"मजुरी काय देशील?"

दोराची गाठ आवळत फरीजा म्हणाली, "पाहुण्यांसमोर मी मजुराशी घासाघीस करत नाही. वाटेत बोलू."

ती पुढे, तो मागे, असे ते चढायला लागले. पहिल्या टेकाडावरच त्याला धाप लागली. त्याने थांबून वरच्या कड्याकडे, त्यावरच्या बोटभर वाटेकडे बघितलं आणि कपाळ पुसलं.

"पोरी असताना तुम्ही या वाटेने यायचात?"

"शेळ्याही यायच्या. डावीकडचा दगड हलतो, त्यावर पाय देऊ नका."

त्याने पाय सांभाळून टाकला. "पुढच्या वेळी गाडीत पाणी आधी भरेन."

"पुढच्या बारीला मी नवीराला आणणार आहे. तिला सगळ्या वाटा दाखवायच्यात," फरीजा मागे न बघता म्हणाली. "मजूर लागला, तर तुम्हाला निरोप धाडेन."